‘समांतर’ ह्या संज्ञेतील अंतर

१

मराठी समीक्षाव्यवहारात ‘समांतर’ ही संज्ञा आता इतकी रुळली आहे की तिच्याकडे संज्ञा म्हणून पाहण्याची निकड सहसा कोणाला जाणवत नाही. समांतर सिनेमा, समांतर रंगभूमी, समांतर संमेलन, समांतर प्रवाह असे शब्दप्रयोग आपण सहजपणे करतो. त्याच सहजतेने एखाद्या कादंबरीतील घटनेला इतिहासातील अमुक घटना समांतर आहे, असेही म्हणतो. दोन्ही ठिकाणी शब्द एकच असला तरी विधाने भिन्न जातीची आहेत. पहिल्या प्रकारच्या विधानात वेगळेपणाचा दावा असतो, तर दुसऱ्या प्रकारच्या विधानात साम्याचा. एकाच संज्ञेने वेगळेपणाची आणि साम्याची अशी दुहेरी ग्वाही द्यायला सुरुवात केली की दोहोंपैकी कशाचीच शहानिशा होत नाही. समीक्षक ‘समांतर’ म्हणतो आणि पुढे जातो. वाचकही मान डोलावतो.

प्रस्तुत लेखात ह्या संज्ञेच्या अर्थांची फोड करून तिचा वापर कोणत्या अटींवर समर्थनीय ठरतो, ह्याचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी भिवंडी हे उदाहरण घेतले आहे. ह्या शहरात संज्ञेचे दोन्ही वापर एकत्र आलेले दिसतात. १९७० सालच्या तेथील दंगलीत एका हिंदी कादंबरीकाराला १९४७ चे रावळपिंडी दिसले. हा साम्याचा वापर. आणि ह्याच शहरातील भिन्नधर्मीय व भिन्नभाषिक समूहांच्या जगण्याचे वर्णन ‘समांतर आयुष्ये’ असे करण्याचा मोह निरीक्षकाला वारंवार होतो. हा वेगळेपणाचा वापर. दोन्ही वापरांची किंमत येथे माणसांनी मोजलेली आहे. त्यामुळे शब्दाची चिकित्सा येथे केवळ शब्दापुरती राहू शकत नाही.

२

‘समांतर’ हा ‘सम’ आणि ‘अंतर’ ह्यांचा समास आहे. ज्यांच्यातील अंतर सारखे आहे ते समांतर. ‘पॅरलल’ ह्या इंग्रजी शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत असून त्याचा व्युत्पत्त्यर्थ ‘एकमेकांच्या शेजारी’ असा आहे. भिवंडीत मराठीइतक्याच सहजतेने कानी पडणाऱ्या उर्दूत ह्यासाठी ‘मुतवाझी’ हा शब्द आहे. तो अरबी क्रियारूपावरून आलेला असून त्या रूपातच परस्परतेचा भाव आहे. म्हणजे ग्रीक आणि अरबी शब्द शेजार आणि परस्परता पुढे आणतात. आपला शब्द मात्र मधल्या जागेवर बोट ठेवतो. वस्तू एकच, पण तिच्याकडे पाहण्याची जागा बदलली आहे.

मराठीत ‘अंतर’ हा शब्दही एकपदरी नाही. अंतर म्हणजे दोन ठिकाणांमधील लांबी, अंतर म्हणजे फरक, आणि अंतर म्हणजे अंतःकरणही. ‘दोघांत अंतर पडले’ असे आपण म्हणतो तेव्हा ते मैलांनी मोजायचे नसते. ‘मला अंतर देऊ नको’ ह्या विनवणीत ‘अंतर देणे’ म्हणजे सोडून देणे, पाठ फिरवणे असा अर्थ असतो. तेव्हा ‘समांतर’ ह्या शब्दात लांबी, भेद आणि दुरावा ह्या तिन्ही शक्यता सुप्तपणे नांदत असतात. भूमितीच्या पुस्तकात त्यांपैकी पहिलीच जागी असते. समाजाविषयी वा साहित्याविषयी बोलताना उरलेल्या दोन्ही जाग्या होतात, आणि बोलणाऱ्याला त्याचे भान असतेच असे नाही.

भूमितीकडेही थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. युक्लिडच्या व्याख्येत समान अंतराचा उल्लेख नाही. एकाच प्रतलात असलेल्या आणि दोन्ही बाजूंना कितीही वाढवल्या तरी न भेटणाऱ्या रेषा त्याच्या मते समांतर होत. समान अंतरावर आधारलेली व्याख्या पॉसिडोनियसने केली होती, असे प्रोक्लसने नोंदवले आहे. दोन्ही व्याख्या एकाच गोष्टीविषयी आहेत असे दीर्घकाळ मानले गेले. एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की आणि बोल्याय ह्यांच्या भूमितीने दाखवून दिले की न भेटणाऱ्या रेषांमधील अंतर कायम राहील, असे गृहीत धरता येत नाही. ‘भेटत नाहीत’ आणि ‘अंतर सारखे आहे’ ही दोन स्वतंत्र विधाने ठरली.

साहित्यविचाराला ह्यातून दोन गोष्टी घेता येतील. पहिली, एका प्रतलाची अट. ज्या रेषा एकाच प्रतलात नाहीत त्याही एकमेकींना भेटत नाहीत. पण त्यांना कोणी समांतर म्हणत नाही. दोन कृती, दोन चळवळी किंवा दोन समूह समांतर आहेत असे म्हणणाऱ्याने ते कोणत्या सामायिक पातळीवर उभे आहेत, हे आधी सांगितले पाहिजे. दुसरी, मोजमापाची अट. अंतर सारखे आहे असे म्हणायचे तर ते किमान दोन ठिकाणी मोजावे लागते. एका बिंदूवरील अंतरावरून समांतरता सिद्ध होत नाही.

शालेय पदार्थविज्ञानातील ‘समांतर जोडणी’ ही संज्ञा तर ह्या सर्वांच्या पुढे जाते. एकसर जोडणीत एक दिवा गेला की सारे विझतात. समांतर जोडणीत एक गेला तरी बाकीचे जळत राहतात. ह्या जोडणीतल्या वाटा वेगळ्या असल्या तरी दोन्ही टोकांना त्या जोडलेल्याच असतात, आणि प्रत्येक वाटेच्या दोन टोकांमधील विभवांतर समान असते. ‘सम-अंतर’ हे पद येथे अक्षरशः खरे ठरते. विजेच्या भाषेत समांतर असणे हा जोडले जाण्याचाच एक प्रकार आहे. साहित्याच्या भाषेत मात्र आपण हा शब्द प्रामुख्याने तुटलेपणासाठी वापरत आलो.

३

‘समांतर’ ही संज्ञा सार्वत्रिक होण्यापूर्वी मराठी भाषा हे निरनिराळे आशय निरनिराळ्या शब्दांनी हाताळत होती. साम्यासाठी ‘जोड’ हा शब्द होता. ज्याला तुलनीय दुसरे काही नाही ते ‘अजोड’ किंवा ‘बिनतोड’. प्रस्थापित व्यवस्थेच्या शेजारी उभ्या केलेल्या दुसऱ्या व्यवस्थेसाठी ‘प्रति’ हा उपसर्ग होता. सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली १९४३ ते १९४६ ह्या काळात जे चालले त्याला इंग्रजीत ‘पॅरलल गव्हर्नमेंट’ म्हटले जाते. मराठीने त्याला ‘प्रतिसरकार’ म्हटले. ‘प्रति’मध्ये विरोधही आहे आणि प्रतिकृतीही आहे. प्रतिपंढरपूर हे पंढरपूरच्या विरोधात नसते. जेथून पंढरपूर गाठता येत नाही तेथे ते पंढरपूरची जागा घेते. प्रतिसरकारात दोन्ही अर्थ एकवटले होते. ते इंग्रज सरकारच्या विरोधात होते, आणि न्यायदानासारखी सरकारची कामे प्रत्यक्ष करून दाखवत होते. ‘समांतर सरकार’ म्हटले की हा संघर्षही पुसट होतो आणि ही प्रतिनिर्मितीही.

साम्याच्या विचारासाठी तर आपल्या परंपरेत अधिक काटेकोर साधने होती. संस्कृत अलंकारशास्त्राने उपमेची चर्चा करताना साधर्म्याबरोबर भेदाचाही आग्रह धरला. भेद नसेल तर उपमा संभवत नाही. मम्मटादी आलंकारिकांनी प्रतिवस्तूपमा आणि दृष्टांत हे अलंकार वेगळे काढले. पहिल्यात एकच धर्म दोन वाक्यांत वेगळ्या शब्दांनी येतो. दुसऱ्यात धर्मही भिन्न असतात आणि त्यांच्यात बिंबप्रतिबिंबभाव असतो. ‘दोन गोष्टी समांतर आहेत’ ह्या आपल्या सैल विधानात हे दोन्ही प्रकार मिसळून जातात.

महानुभाव पंथाच्या ‘दृष्टांतपाठा’ची रचना ह्या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. केशिराजबासांनी संकलित केलेल्या ह्या ग्रंथात सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक असे तीन घटक आढळतात. दृष्टांत सांगून काम संपत नाही. तो ज्याला लागू करावयाचा ते दार्ष्टांतिक सांगावे लागते. प्लुटार्कने ग्रीक आणि रोमन पुरुषांची चरित्रे जोडीजोडीने लिहिली, आणि त्यांतील बहुतेक जोड्यांच्या अखेरीस दोघांची तुलना करणारे स्वतंत्र प्रकरण जोडले. समांतर चरित्रे शेजारी ठेवली की चरित्रकाराचे काम पुरे होते, असे त्यालाही वाटत नव्हते. महानुभावांचा हेतू तत्त्वबोधाचा आणि प्लुटार्कचा नीतिविवेकाचा. त्यांच्यात कोणताही ऐतिहासिक संबंध नाही. तरीही साम्य दाखवल्यावर हिशेब पुरा केला पाहिजे, ही जाणीव दोन्हीकडे आहे. आधुनिक समीक्षेत नेमका हा तिसरा घटक गळून पडला आहे.

४

आता भिवंडीकडे वळू. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत दंगल उसळली. जळगाव आणि महाड येथेही हिंसाचार झाला. ह्या तिन्ही ठिकाणच्या घटनांची चौकशी न्यायमूर्ती डी. पी. मादन ह्यांच्या आयोगाकडे सोपवण्यात आली. दंगलीनंतर भीष्म साहनी आपले बंधू बलराज साहनी ह्यांच्यासमवेत भिवंडीत आले होते. ‘आज के अतीत’ ह्या आत्मकथनात त्यांनी सांगितले आहे की त्या उद्ध्वस्त वस्त्या पाहताना त्यांना रावळपिंडीची आठवण झाली. ते मूळचे रावळपिंडीचे. मार्च १९४७ मधील दंगलींच्या वेळी ते काँग्रेसच्या मदतकार्यात होते. दिल्लीला परतल्यावर त्यांनी ‘तमस’ लिहायला घेतली. १९७५ मध्ये ह्या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

‘तमस’मध्ये भिवंडी कोठेही नाही. कादंबरी फाळणीपूर्व पंजाबातील एका शहरात आणि आसपासच्या खेड्यांत घडते. महानुभावांची परिभाषा वापरायची तर १९४७ हा दृष्टांत आणि १९७० हे दार्ष्टांतिक. लेखकाने दृष्टांत पूर्ण सामर्थ्याने रचला आणि दार्ष्टांतिक वाचकावर सोपवले. कलाकृतीला तसे करण्याचा अधिकार आहे. किंबहुना त्या मौनामुळेच कादंबरी १९७० पुरती मर्यादित राहिली नाही. प्रश्न समीक्षेचा आहे. ‘भिवंडीत साहनींना रावळपिंडी दिसली’ हे वाक्य समीक्षेत आणि परिचयलेखांत पुनःपुन्हा येते, आणि तेथेच थांबते. भिवंडी निमित्तापुरती उरते. तिला स्वतःचा इतिहास आहे, स्वतःची कारणे आहेत, ह्याची दखल घेण्याचे प्रयोजन राहत नाही.

अंतर मोजून पाहू. कादंबरीच्या आरंभी मुराद अली हा मनुष्य नत्थूकडून एक डुक्कर मारून घेतो. ते पुढे मशिदीच्या पायऱ्यांवर सापडते. शेवटी तोच मुराद अली शांततेच्या घोषणा देत फिरणाऱ्या बसमध्ये दिसतो. ह्या आरंभशेवटाच्या मध्ये रिचर्ड हा इंग्रज जिल्हाधिकारी आहे. त्याला ह्या देशाच्या प्राचीन इतिहासात रस आहे, पण हाताशी यंत्रणा असूनही दंगल वेळीच थांबवण्यात नाही. कादंबरीची कारणमीमांसा मुराद अली आणि रिचर्ड ह्या दोन खांबांवर उभी आहे: पडद्याआडचा हात आणि परक्या सत्तेची सोयीस्कर उदासीनता. १९७० च्या भिवंडीत मुराद अलीला समांतर माणसे शोधता येतील. रिचर्डला समांतर कोण? तेथे राज्यघटना होती, मतदारांनी निवडलेले सरकार होते, स्वतःची नगरपालिका होती. सत्ता परकी नव्हती. रिचर्डची जागा रिकामी ठेवून दोन्ही घटना समांतर म्हणणे म्हणजे आपल्या सत्तेला तिच्या उत्तरदायित्वातून सोडवणे होय. ती जागा भरायची तर कोणाला बसवायचे, हा प्रश्न टाळता येत नाही. साम्याच्या विधानापेक्षा ह्या विषमतेच्या बिंदूवरच ‘तमस’चे भिवंडीविषयीचे म्हणणे अधिक तीव्र होते.

दुसरे अंतर जगण्याच्या पद्धतीचे आहे. भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, आणि स्थानिक आगरी, कोळी व कोकणी मुसलमान ह्यांच्या वस्त्यांनी ते घडले. तेथील दंगलीत यंत्रमाग जळतात तेव्हा मालक, कामगार, सूतव्यापारी आणि कापडव्यापारी ह्यांची अख्खी साखळी तुटते, आणि ती साखळी एका धर्माची नसते. फाळणीच्या दंगलींत लोक कायमचे निघून गेले. भिवंडीत दंगलीनंतर त्याच माणसांना त्याच बाजारात पुन्हा एकमेकांसमोर उभे राहायचे होते. ‘तमस’च्या अखेरच्या भागात मदतसमितीचा एक कारकून मृतांची आणि नुकसानीची आकडेवारी नोंदवत बसतो. मादन आयोगाचे कामही नोंदीचेच होते. पण कारकुनाची नोंद उजाडून गेलेल्या जगाची आहे, तर आयोगाची नोंद ज्यांना एकत्र राहणे भाग आहे त्यांच्यासाठी आहे.

१९८८ मध्ये गोविंद निहलानी ह्यांनी ‘तमस’चे दूरचित्रवाणीवर केलेले रूपांतर दूरदर्शनने दाखवले तेव्हा हाच प्रश्न न्यायालयात उभा राहिला. प्रक्षेपणाने धार्मिक तेढ वाढेल, असा आक्षेप होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती मालिका स्वतः पाहून आक्षेप फेटाळला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही बंदीची मागणी नाकारली. वादाचा विषय साहित्यशास्त्रीय परिभाषेत मांडायचा तर तो असा: प्रेक्षक १९४७ कडे अनुकरणासाठी पाहील की विवेकासाठी? आक्षेप घेणाऱ्यांचे गृहीत होते की प्रेक्षक साम्य ओळखेल आणि त्यात वाहून जाईल. न्यायालयाचा विश्वास होता की साम्य ओळखणारा प्रेक्षक अंतरही ओळखतो.

५

निहलानींच्या नावाबरोबर संज्ञेचा दुसरा वापर समोर येतो. ‘अंकुर’चे छायालेखक आणि ‘आक्रोश’, ‘अर्धसत्य’चे दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव ‘समांतर सिनेमा’च्या अग्रस्थानी घेतले जाते. ‘आक्रोश’ची पटकथा विजय तेंडुलकरांची, ‘अर्धसत्य’ श्री. दा. पानवलकर ह्यांच्या ‘सूर्य’ ह्या मराठी कथेवर आधारलेला. ह्या सिनेमाला समांतर म्हणताना मुख्य धारेशी तो कोठेही भेटत नाही, असे सुचवले जाते. पण ह्या धारेतील अनेक चित्रपटांमागे शासकीय अर्थसाह्य होते. त्यांतील नट व्यावसायिक चित्रपटांतही वावरत होते. आणि ‘तमस’ तर खाजगी वाहिन्या नसलेल्या काळात शासकीय दूरचित्रवाणीवरून घरोघर पोहोचली. ह्या सिनेमाचे वेगळेपण खरे आहे. मात्र ते न भेटण्यात नाही. समांतर जोडणीची उपमा येथे अधिक लागू पडते: टोके सामायिक, वाट स्वतंत्र.

साहित्यक्षेत्रात हा फरक अधिक महत्त्वाचा ठरतो. १८८५ मध्ये जोतीराव फुले ह्यांनी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण नाकारले. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले; अण्णा भाऊ साठे ह्यांनी त्याचे उद्घाटन केले. १९९९ मध्ये मुंबईत अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले असता धारावीत बाबूराव बागूल ह्यांच्या अध्यक्षतेखाली विद्रोही साहित्य संमेलन झाले. ह्या घटनांना सरसकट ‘समांतर’ म्हटले की संमेलनांचे एक वेळापत्रक तेवढे तयार होते: येथे एक, तेथे दुसरे. वस्तुतः फुल्यांचा नकार त्या सभेलाच उद्देशून होता. तो तिला छेदून जातो. ‘विद्रोही’ हा शब्द ‘समांतर’ऐवजी निवडला गेला ह्यातच ती जाण आहे. हिंदीत कमलेश्वरांनी सत्तरच्या दशकात ‘सारिका’मधून ‘समांतर कहानी’चा पुरस्कार केला, तेव्हा सामान्य माणसाच्या जगण्याला समांतर अशी कथा त्यांना अभिप्रेत होती, म्हणजे जगण्याच्या लगत चालणारी. मराठीत हाच शब्द प्रस्थापितापासून बाजूला चालणाऱ्यांसाठी वापरला गेला. एका भाषेत लगतपणा, दुसरीत अलगपणा. हा फरक न नोंदवता दोन्ही चळवळींची तुलना करणे फसवे ठरेल.

६

शेवटी भिवंडीतील ‘समांतर आयुष्यां’विषयी. शहराच्या नगरसंस्थेच्या नावातच भिवंडी आणि निजामपूर अशी जोडी आहे. मराठी, उर्दू, तेलुगू आणि हिंदी ह्या भाषांची स्वतंत्र वाचकवर्तुळे तेथे आहेत. ती एकमेकांचे लेखन फारसे वाचत नाहीत, म्हणून त्यांना समांतर म्हणण्याकडे आपला कल होतो. परंतु एक प्रतल त्यांना सामायिक आहे: माग. त्याची परिभाषाही बरीचशी सामायिक आहे. मराठी ताणाबाणा आणि उर्दू ताना-बाना ह्यांत अंतर एका अक्षराचे. मागावर ताण्याचे धागे समांतर असतात आणि फणी त्यांच्यातील अंतर सारखे राखते. पण नुसत्या ताण्याला कोणी कापड म्हणत नाही. धोटा आडवा धागा घेऊन त्या समांतर धाग्यांमधून जातो, तेव्हा कापड होते. समांतरता ही येथे विणण्याची पूर्वतयारी आहे.

ह्या दृष्टीने १९९२-९३ चा अनुभव लक्षणीय आहे. १९७० आणि १९८४ ह्या दोन दंगलींवरून अनुमान करणाऱ्या कोणालाही डिसेंबर १९९२ मध्ये भिवंडी पुन्हा पेटेल असेच वाटले असते. मुंबई पेटली, भिवंडी पेटली नाही. १९८८ पासून तेथे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे ह्यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या स्थापन झाल्या होत्या. दोन्ही समाजांचे सामान्य रहिवासी आणि त्या भागातील पोलीस त्यांत नियमितपणे एकत्र बसत. शांततेचे सारे श्रेय ह्या एका उपक्रमाला द्यावे की नाही, ह्यावर मतभेद होऊ शकतील. पण आपल्या विषयापुरते एवढे निश्चित म्हणता येते की साम्याच्या तर्काने केलेले भाकीत खोटे ठरले. आणि ते खोटे ठरवण्यात, न भेटणारे म्हणून गणले गेलेले लोक प्रत्यक्षात भेटत होते ह्याचा वाटा होता.

‘समांतर’ ही संज्ञा टाकून द्यावी असा ह्या विवेचनाचा निष्कर्ष नाही. तिच्याइतकी नेमकी संज्ञा दुसरी सापडणे कठीण आहे, कारण अंतराची आठवण तिने आपल्या नावातच जपली आहे. समीक्षेने तेवढी आठवण पाळावी. दोन गोष्टी समांतर म्हणणाऱ्याने त्यांचे सामायिक प्रतल सांगावे, त्यांच्यातील अंतर एकाहून अधिक ठिकाणी मोजावे, आणि दृष्टांताबरोबर दार्ष्टांतिकही द्यावे. भिवंडीला रावळपिंडी म्हणून समजून घेताना आपण भिवंडीला अंतर दिले नाही ना, एवढे तपासण्याची जबाबदारी ह्या शब्दाबरोबर येते.